आधी सलाइन धरा

बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय ज्या वाक्यानं सुरू होतो, ते ख्रिस्ती घरातल्या पोराला शाळेत जायच्या आधीपासून पाठ असतं. कुणाचे दोष काढू नका, म्हणजे तुमचे काढले जाणार नाहीत. इतकं पाठ असतं की पुढं आयुष्यभर ते फक्त दोनच कामांना येतं. कुणी आपली चूक दाखवली की त्याचं तोंड बंद करायला, आणि उपासनेत दुसऱ्या कुणाकडं तरी बघून मान डोलवायला. हे वाक्य मी पुष्कळ प्रवचनांत ऐकलं. पण त्याचा अर्थ मला पहिल्यांदा समजला तो माझ्या आत्यामुळं, आणि तिनं तर ते वाक्य उच्चारलंही नव्हतं.

आत्या नर्स होती. पांढरी साडी, कोपरापर्यंत बाह्या, चालताना किल्ल्यांचा आवाज. मी कॉलेजात असताना कधीकधी तिचा डबा घेऊन वॉर्डात जायचे. कोल्हापूरकडचा उसाचा पट्टा हा. घरोघरी फवारणीचं औषध असतं, आणि भांडणाच्या रात्री ते हाताशी असतं. एका संध्याकाळी अशीच एक सून आणली होती. कपड्यांना तो उग्र, लसणासारखा वास, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. अशा वेळी पोट धुवायचं, अॅट्रोपिनची इंजेक्शनं देत राहायचं आणि बाहुल्या मोठ्या होतात का, छाती मोकळी होते का, हे बघत बसायचं, असं आत्यानं मला नंतर सांगितलं. कॉटच्या आजूबाजूला सासरचे आणि माहेरचे असे दोन तट पडले होते. सासरचे म्हणत होते, पहिल्यापासूनच तापट. माहेरचे म्हणत होते, तुम्ही छळलंत. सगळ्यांत मोठा आवाज तिच्या जावेचा होता. ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती की हिचं वागणं कसं होतं, हिनं घराला कसा काळिमा फासला.

सलाइनचा स्टँड कमी पडला होता. आत्यानं बाटली उचलली, थेट त्या जावेच्या हातात दिली आणि म्हणाली, ‘‘बाई, कारण लिहून घ्यायला पोलीस येतील. तुम्ही आधी सलाइन धरा.’’

बाटली खांद्याच्या वर धरावी लागते. हात खाली आला की नळीत रक्त उलटं चढतं. त्या जावेला आता सगळं लक्ष त्या थेंबांवर ठेवणं भाग होतं. ती बोलायची थांबली. थोड्या वेळानं तिनं हात बदलला, मग दुसऱ्या हातानं सुनेच्या कपाळावरचे केस मागं सारले. कुणी सांगितलं नव्हतं. सून वाचली. तिनं औषध का घेतलं, चूक कुणाची, हे आत्यानं मला कधीच सांगितलं नाही. मला वाटतं तिलाही ते पूर्ण ठाऊक नव्हतं. ठाऊक नसून तिचं काहीच अडलं नाही.

माणसाचा निवाडा करायचा तर त्याची पूर्ण हकिगत हातात हवी. ती कधीच कुणाच्या हातात नसते. नवऱ्याला बायकोची नसते, आईला मुलाची नसते. प्रेम करायला मात्र ती लागत नाही. येशूच्या शिकवणीत हे दोन्ही मुद्दे एकत्र येतात असं मला वाटतं, आणि म्हणून ‘दोष काढू नका’ हे वाक्य एकटं वाचलं की अर्धंच हाताला लागतं. उरलेलं अर्धं लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात, यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या रस्त्यावर पडलेलं आहे.

तो रस्ता सुमारे 25 किलोमीटरचा, आणि तेवढ्यात हजार मीटर खाली उतरणारा. ओसाड, वळणावळणाचा, लुटारूंच्या सोयीचा. तिथं एका वाटसरूला लुटारूंनी गाठलं, मारलं, त्याचे कपडेही काढून नेले आणि अर्धमेला करून टाकून दिलं. कपडे नाहीत आणि बोलण्याची शुद्ध नाही, म्हणजे हा कुठला, कोणत्या जमातीचा, कोणत्या बोलीचा, हे ओळखायला काही उरलंच नाही. याजक, म्हणजे मंदिरातला पुरोहित, आला, बाजूनं गेला. मंदिरात सेवा करणारा लेवी आला, तोही बाजूनं गेला. मग शोमरोनी आला. यहुदी ज्यांना आपल्यात धरत नसत, त्या शोमरोनातला. त्यानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, दुसऱ्या दिवशी तिथल्या मालकाला दोन दिनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देतो म्हणाला. ‘तू कोण?’ असं त्यानं विचारल्याचा उल्लेख कुठंही नाही. एकट्यानं त्या रस्त्यानं का निघालास, हेही विचारलं नाही. आपल्याकडं अपघात झाला की गर्दीतून पहिला प्रश्न येतो तो हाच. हेल्मेट होतं का? प्यालेला होता का?

यावर एक खरा आक्षेप आहे, आणि तो मी टाळणार नाही. हकिगत अपुरी असेल तिथं गप्प बसावं, हे कुणीही मान्य करेल. पण गुन्हा उघड असेल तर?

योहानाच्या आठव्या अध्यायात तसंच आहे. व्यभिचार करताना धरलेली बाई. साक्षीदार आहेत, कायदा आहे, शिक्षा ठरलेली आहे. शास्त्री आणि परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारे लोक, तिला मंदिराच्या आवारात सगळ्यांच्या मध्ये उभी करतात आणि येशूला विचारतात, मोशेच्या नियमशास्त्रात अशीला दगडमार सांगितलाय, तुमचं काय म्हणणं? आता मोशेचं नियमशास्त्र उघडून बघावं. लेवीय पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात शिक्षा दोघांना सांगितली आहे, पुरुषाला आणि बाईला. मग पुरुष कुठं आहे? धरताना तो तिथंच असणार. म्हणजे उघड गुन्ह्याचीसुद्धा हकिगत अर्धीच आणली होती, जेवढी आणणाऱ्यांना सोयीची तेवढी. येशू वाकून बोटानं जमिनीवर काही लिहितो. काय लिहिलं यावर लोकांनी खूप डोकं चालवलं आहे. मला त्यात रस नाही. मला एवढंच दिसतं की सगळं आवार त्या बाईकडं टक लावून बघत असताना एका माणसानं नजर खाली घेतली. मग तो म्हणाला, तुमच्यातला जो निष्पाप असेल त्यानं पहिला दगड टाकावा. आणि वयानं मोठे होते ते आधी गेले. ज्यांच्या गाठीला जास्त वर्षं, त्यांना स्वतःचं जास्त आठवलं असणार.

शेवटी तो तिला म्हणतो, मीही तुला दोषी ठरवत नाही, जा, यापुढं पाप करू नकोस. पापाला तो पापच म्हणतो. पण ते तिला एकटीला सांगतो, तिचा जीव वाचल्यानंतर, दगड हातातून खाली पडल्यानंतर. आमच्याकडं हा क्रम नेमका उलटा असतो. आधी सुधार, मग घरात ये. आधी माफी माग, मग ताट वाढू. जक्कयाच्या गोष्टीतही हाच क्रम आहे. लोकांना पिळणारा मुख्य जकातदार झाडावर चढून बसलाय, आणि येशू खालून हाक मारतो, लवकर उतर, आज मी तुझ्या घरी उतरणार. जक्कयानं अजून काहीही कबूल केलेलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देईन, लुबाडलेलं चौपट परत करीन, हे तो नंतर म्हणतो. पाहुणा घरी आल्यावर. लोक कुरकुरतात ते त्या येण्यावरूनच. पापी माणसाच्या घरी उतरायला गेला!

कुणाच्या घरी जायचं, कुणाच्या हातचं प्यायचं, याचा अर्थ काय होतो हे कोल्हापुरात वेगळं सांगावं लागत नाही. गंगाराम कांबळेंची हकिगत इथं शाळेतली मुलं सांगतात. राजवाड्याच्या नोकरीतला हा माणूस, सवर्णांसाठी राखलेल्या पाण्याला हात लावला म्हणून त्याला फोडून काढलं गेलं. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, ते राजाचं कामच होतं. पण त्यांनी पुढं जे केलं ते राजाच्या कामात बसत नाही. गंगारामांना त्यांनी स्वतःच्या पायावर उभं राहायला मदत केली, भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ नावाचं चहाचं हॉटेल निघालं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? महाराज आपली गाडी तिथं थांबवायचे, चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजायचे. महाराज ख्रिस्ती नव्हते आणि त्यांना ओढून आमच्या बाजूला बसवायचा मला काही अधिकार नाही. मी एवढंच म्हणते की शुभवर्तमानात जकातदारांच्या पंगतीचं वर्णन आलं की माझ्या डोळ्यांपुढं भाऊसिंगजी रोड येतो. महाराजांनी हुकूमही काढले. 26 जुलै 1902 ला मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानाच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. पण एका कप चहाला जे जमलं ते हुकमाला जमलं असतं का, मला शंका आहे.

योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू भर दुपारी विहिरीवर बसतो आणि पाणी भरायला आलेल्या एका शोमरोनी बाईला म्हणतो, मला प्यायला दे. ती चकित होते, कारण यहुदी शोमरोन्यांशी कसलाच व्यवहार ठेवत नसत. तिचे पाच नवरे झालेले, आणि आत्ता ज्याच्याबरोबर राहते तो नवरा नाही. हे सगळं ठाऊक असून तो तिच्याकडं पाणी मागतो. मराठी वाचकाला या मागण्याचं वजन कळायला टीकाग्रंथ लागत नाही.

याच गोष्टीनं पंडिता रमाबाईंचं आयुष्य बदललं. 1883 साली त्या आपल्या लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडला गेल्या होत्या. तिथल्या वाँटेजच्या सिस्टर्सनी, म्हणजे मठातल्या ख्रिस्ती संन्यासिनींनी, त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचं आपलं काम दाखवलं. ज्यांना समाज ‘पतित’ म्हणायचा त्या बायका तिथं राहत होत्या, कामं शिकत होत्या, आणि सिस्टर्स त्यांच्याशी मायेनं वागत होत्या. शास्त्रं मुखोद्गत असलेल्या रमाबाईंना अशा बायकांच्या वाट्याला कोणती शिक्षा लिहिलेली असते हे पाठ होतं. त्यांची शुश्रूषा करायची असते हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. तुम्ही हे का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरनं त्यांना शोमरोनी बाईची ही गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढं केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशाच बायकांसाठी कृपासदन काढलं. आपल्या महाराष्ट्रानं रमाबाईंवर काय काय निवाडे दिले, ते इतिहासात आहेत. कृपासदनात आलेल्या बाईला ‘तू इथवर कशी आलीस’ याचा हिशेब आधी द्यावा लागला असता, तर ते कृपासदन राहिलंच नसतं.

आम्हा ख्रिस्ती लोकांचं म्हणाल, तर ही शिकवण आमच्या घरी वारशानं आली म्हणून ती आमच्या अंगी आली असं नाही. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 साली कोल्हापुरात आले. इथल्या मंडळीची, म्हणजे चर्चची, गोष्ट तिथून सुरू होते. इतक्या पिढ्यांनंतरही महाराष्ट्रात ठिकठिकाणी ख्रिस्ती घरांत लग्न जमवताना ‘ते मूळचे कोण?’ हा प्रश्न हळूच विचारला जातो. प्रभुभोजनाला एका पेल्यातून प्यायचं आणि सोयरिकीच्या वेळी आजोबांची जात काढायची. हे मला फार लागतं.

त्याहून जास्त लागतं ते या वचनाचं एक दुसरंच वापरणं. नवरा मारतो म्हणून बाई पाळकांकडं किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांकडं येते, आणि तिला सांगितलं जातं, त्याचे दोष काढू नकोस, तू प्रार्थना कर, प्रेमानं जिंक. हे वचन दुबळ्याच्या तोंडात बोळा म्हणून कोंबायला दिलेलं नाही. ज्यानं ते दिलं त्यानंच मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात विधवांची घरं गिळणाऱ्यांना सगळ्यांसमोर फटकारलं आहे. त्यानंच अठराव्या अध्यायात सांगितलं आहे की भावानं अपराध केला तर आधी एकट्यानं जाऊन त्याला सांग, मग एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीपुढं ठेव. आणि सातव्या अध्यायातही तो तिथंच थांबत नाही. आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असं पुढचं वाक्य आहे. कुसळ काढायचंच आहे. डोळ्यात कुसळ ठेवून कुणाला सुख लागत नाही. पण डोळ्यातलं काढायला अगदी जवळ जावं लागतं, हात थरथरता चालत नाही, आणि समोरच्यानं विश्वासानं डोळा उघडा ठेवावा लागतो. ओट्यावर बसून लांबून कुणाच्या डोळ्यातलं निघत नाही. मार खाणाऱ्या बाईच्या बाबतीत जवळ जाणं म्हणजे तिला आपल्या घरी झोपायला जागा देणं, तिच्याबरोबर पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढणं. तिच्या नवऱ्यावर प्रेम करायचं असेल तर त्याचा हात धरणं हेही प्रेमच आहे.

कोल्हापूरच्या माणसाला तोंडावर बोलायची सवय आहे. ‘लई शहाणा झालास व्हय?’ असं विचारून तोच माणूस रात्री दोन वाजता रिक्षा काढून दवाखान्यात नेईल. मला या रांगड्या बोलण्याची कधी भीती वाटली नाही. भीती वाटते ती मागून बोललं जातं त्याची, आणि आता मोबाइलवरून पसरतं त्याची. जून 2023 मध्ये काही पोरांच्या स्टेटसवरून या शहरात दगड उडाले, इंटरनेट बंद झालं. ज्यांच्या दुकानांच्या काचा फुटल्या त्यांचा त्या स्टेटसशी काय संबंध होता, हे दगड मारणाऱ्यानं विचारलं नव्हतं. एकाच्या अपराधावरून सगळ्या मोहल्ल्याचा निकाल लावला गेला.

हेच शहर 2019 च्या ऑगस्टमध्ये कसं होतं ते मी पाहिलंय. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट; पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. पुण्या-बंगळूरचा हायवे बंद, नळ कोरडे, शाळा आणि कार्यालयं माणसांनी भरलेली. पेठापेठांतून भाकरीचे गठ्ठे जात होते. तालमीची पोरं कमरेएवढ्या पाण्यातून म्हाताऱ्यांना पाठीवर आणत होती, आणि पाठीवरचा म्हातारा कोण हे विचारायला कुणाला सवड नव्हती. सगळं शहर यरीहोच्या रस्त्यावरच्या त्या शोमरोन्यासारखं वागलं.

मग पाणी ओसरलं, पंचनामे सुरू झाले, सानुग्रह अनुदानाच्या याद्या लागल्या, आणि बोलणं बदललं. त्याच्या घरात पाणी गेलंच नव्हतं. हिचा दोन मजली बंगला आहे तरी रांगेत उभी. यांना फुकटची सवय लागलीय. ज्या ओट्यांवर भाकरी बांधल्या गेल्या त्याच ओट्यांवर हे सुरू झालं. खोटी नावं घातली असतीलच, ती तलाठ्यानं तपासावीत. पण दोन मजली बंगलेवालीचा खालचा मजला चिखलानं भरला होता आणि वर तिची अंथरुणाला खिळलेली सासू होती, हे रांगेत उभं राहून दिसत नाही. पूर असताना आम्ही एकमेकांच्या घरात शिरलो होतो. पूर गेल्यावर आपापल्या दारात येऊन उभे राहिलो, आणि तिथून दुसऱ्याचं घर दिसायला लागलं.

सध्या आमच्या गल्लीत बोलायला नवा विषय आहे. एक माणूस कळंब्याहून, म्हणजे तिथल्या जेलमधून, शिक्षा भोगून परत आलाय. त्यानं काय केलं होतं ते इथं लिहिणार नाही. गंभीर होतं, आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांचं दुःख मोठं आहे. त्यांनी त्याला क्षमा करावी असं सांगायची माझी योग्यता नाही. ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. पण आम्हा बाकीच्यांचं त्यानं काही घेतलेलं नाही, तरी त्याला खोली मिळत नाही, काम मिळत नाही. काही वर्षं अंबाबाईच्या देवळातला लाडूचा प्रसाद कळंब्याच्या कैद्यांकडून बनून यायचा. सगळं कोल्हापूर तो डोळ्यांना लावून खायचं. हात तेच आहेत. ‘मी बंदिशाळेत होतो आणि तुम्ही माझ्याकडे आलात’ असं येशू मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात म्हणतो, आणि तो कैदी निर्दोष होता अशी अट तिथं घातलेली नाही.

आमच्या मागच्या भिंतीचा गिलावा पडला होता, ते काम आम्ही त्याला दिलं. काम चांगलं करतो. दुपारी ओट्यावर लांब बसून डबा खायचा, तेव्हा घरच्यांनी ठरवलं की रविवारी त्याला आत बोलावून जेवायला वाढायचं. हे कळल्यावर शेजारचे काका आले. वडिलांच्या वेळेपासूनचा शेजार, सरळ मार्गानं आयुष्य काढलेला माणूस. म्हणाले, ‘‘ताई, आम्ही जन्मभर नीट वागलो, आमच्यासाठी कधी मटण नाही शिजलं तुमच्यात.’’

हे वाक्य जवळजवळ शब्दाला शब्द लूकच्या पंधराव्या अध्यायात आहे. उधळ्या मुलासाठी मेजवानी चाललीय आणि शेतावरून आलेला थोरला दारातच अडून बसलाय. मला मित्रांबरोबर खायला कधी करडूसुद्धा दिलं नाहीस म्हणतो. बाप त्याला रागवत नाही. भरली पंगत सोडून बाहेर येतो आणि त्याची समजूत घालतो, माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे म्हणतो. थोरला पुढं आत गेला का, हे लूक सांगत नाही.

काकांना मी म्हटलं, ‘‘काका, तुम्ही पण या की. तांबडा-पांढरा दोन्ही करणार आहे.’’ त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही. मटण त्यांना धरूनच आणलंय.